म्हणे

सकाळी आठला चार्ज द्यायचा असतो.
रात्रभराचे बेड
एकेक करून दुसऱ्या सिस्टरच्या कानात उतरवायचे,
चहा थंड व्हायच्या आत.

बेड चार. मुंडले, धरमपेठ.
मुतखडा. कळा येतात. इंजेक्शन दिलं, झोपलेत.
बेड नऊ. आम्रपाली रंगारी, इंदोरा.
सिकलसेल. हातपाय दुखतात म्हणे.

सालेकशाची ती ट्रेनी पोरगी, कुमरे,
जी एरवी तोंड उघडत नाही,
पेन वर धरून विचारती झाली,
सिस्टर, ‘म्हणे’ कुठल्या रकान्यात लिहू?

हसलो आम्ही.
तिलाही हसावं लागलं.

मेडिकलच्या फाटकाबाहेर मे महिन्याचं नऊचं ऊन.
स्कूटीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळला
आणि तो शब्द आत माझ्यासोबत अडकला,
अजनीच्या पुलापर्यंत स्वतःच्याच वाफेत.

बावीस वर्षं झाली नोकरीला.
डबा वाटून खाते पेशंटच्या बायांसोबत.
रागावते, पण सगळ्यांवरच.
जात तर मी कुणाला विचारतही नाही.
विचारायचं काम पडत नाही.
केसपेपरवर आडनाव असतं,
आडनावाखाली वस्ती.

माझा बाप गोळीबार चौकातला, मागावर बसणारा.
त्याच्या डोक्यावरून डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत होते,
दम लागतो म्हणे याला.
मी बारा वर्षांची, एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून.
तेव्हा कळला होता मला तो शब्द.
मग माझ्या तोंडात कधी येऊन बसला?
जीएनएमच्या पुस्तकात तर नव्हता.

दुसऱ्या रात्री, दोननंतर वॉर्ड निजला तेव्हा
रजिस्टर काढलं.
आल्याची वेळ, सुई दिल्याची वेळ.
बोटांवर हिशेब केला, पोरीला दिसू न देता.
मुंडले : अकरा मिनिटं.
रंगारी : एक तास चाळीस.

कारणं होती.
हिंगण्याहून अपघाताचे तिघे आले होते,
कपाटाची किल्ली खाली होती.
मागची पानं उलटली.
फेब्रुवारीतही कारण होतं, डिसेंबरातही.
दर वेळी कारण होतं
आणि दर वेळी ते बेड नऊलाच सापडलं होतं.

खरं सांगू, त्या एक तास चाळीस मिनिटांत
मी तिच्याकडे बघत होते.
भिंतीकडे तोंड करून मोबाइल चाळत होती ती.
मनात आलं, इतकं दुखतंय तर मोबाइल कसा सुचतो?
रक्तातले विळे मला दिसले नाहीत,
हातातला मोबाइल दिसला.
मुंडलेकाकांच्या उशाशीही एक होता.
तो वाजला तेव्हा मीच उचलून दिला त्यांना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली पुन्हा.
महालात मारबतीची गर्दी,
ऑटो कुठून कुठून फिरवून आणला भावानं.
रोगराई घेऊन जा म्हणून सगळं शहर ओरडत होतं तिकडे.
माझा एक शब्द काही कुणी नेला नाही.
तो मलाच गिळावा लागला, दर वेळी, पाण्याशिवाय.

घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं.

सकाळी चार्ज देताना तिच्या उशाशी उभी राहून म्हटलं,
बेड दोन. रंगारी. हातपाय दुखतात.
आणि थांबले.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते ना,
तशी गेली.

आम्रपाली जागी होती.
माझं थांबणं तिला वेगळंच ऐकू गेलं असावं.
पॉलिथिनच्या पिशवीतून तिनं घाईघाईनं कार्ड काढलं,
रिपोर्ट काढले, चार वर्षांचे,
आणि कोपरावर उठत म्हणाली,
“खरंच दुखून राह्यलं जी सिस्टर.
मायची आन.”